सहाध्यायांमध्ये आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी मोकळेपणाने कसे बोलावे?

तुमचा प्रश्न असा आहे. तुम्ही मूळच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील असून पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि वसतिगृहात राहता. आडनावावरून धर्म कळत नसल्यामुळे दोन वर्षे कोणाला काही सांगावे लागले नाही. परंतु अलीकडे खोलीतील मैत्रिणीने उशीखालचे बायबल पाहिले आणि प्रश्न सुरू झाले. आईवडिलांचे म्हणणे आहे की दिवस बरे नाहीत, शिक्षण पूर्ण होईपर्यंत गप्प राहावे. उलट तुमच्या प्रार्थनागटातील ज्येष्ठ विद्यार्थी म्हणतात की साक्ष न देणे, म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी इतरांना न सांगणे, हे ख्रिस्ताला नाकारणे होय. या दोहोंपैकी कोणाचे ऐकावे आणि बोलायचे ठरवले तर कसे बोलावे, असे तुम्ही विचारले आहे. पुण्यात महाविद्यालयात शिकवताना आणि विद्यार्थ्यांच्या प्रार्थनागटांबरोबर काम करताना हाच प्रश्न माझ्यासमोर अनेक रूपांनी आला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो: तुम्ही ख्रिस्ती आहात हे सांगावे, आणि लवकर सांगावे. परंतु आपण कोण आहोत हे सांगणे वेगळे आणि समोरच्याने काय मानावे हे सांगणे वेगळे. पहिले तुमच्याकडून झालेच पाहिजे. दुसऱ्याची घाई मुळीच करू नये. तुमच्या घरच्यांना दुसऱ्या गोष्टीची भीती वाटते आहे आणि तुमचे गटातील मित्र पहिल्या गोष्टीच्या नावाखाली दुसरीचा आग्रह धरत आहेत, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

नाकारण्याच्या आरोपाने तुमचे मन फार अस्वस्थ झालेले दिसते, म्हणून तो मुद्दा प्रथम घेतो. येशूच्या पेत्र नावाच्या शिष्याने त्याला नाकारले ते कोणी काही न विचारता गप्प राहून नव्हे. प्रमुख याजकाच्या अंगणात त्याला सरळ विचारले गेले आणि त्याने तीन वेळा ‘मी त्याला ओळखत नाही’ असे खोटे सांगितले. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देणे हा नकार नाही. त्याच पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात पुढे असे सांगितले आहे की, तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, मात्र ते सौम्यतेने द्या. म्हणजे त्या वचनात आधी कोणीतरी विचारतो आणि मग विश्वासी बोलतो. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाला गाठून बोलण्याचा दंडक त्या वचनातून निघत नाही. मात्र आता मैत्रिणीने विचारले आहे, तेव्हा ‘ते पुस्तक कोणीतरी दिले होते’ असली सारवासारव केली तर ती पेत्राच्या अंगणातल्या उत्तराच्या जवळ जाईल, हेही तितकेच खरे.

लपवण्याचा एक व्यावहारिक तोटा असा की तो मैत्रीतील विश्वासाच्या मुळाशी येतो. आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांची आडनावे गायकवाड, साळवे, शिंदे, भोसले अशी असतात, नावेही पुष्कळदा मराठी वळणाची असतात, त्यामुळे मैत्रिणींना दोन वर्षांनी कळते तेव्हा त्यांना धर्माचे काही वाटत नाही, पण ‘हिने आपल्यापासून हातचे राखले’ हे लागते. म्हणून त्या एका मैत्रिणीपासून सुरुवात करावी. त्यासाठी सभा नको, समूहावर निवेदन नको, मोबाईलवरील स्टेटसही नको. ‘मी ख्रिस्ती आहे, घरी आम्ही सगळे रविवारी उपासनेला जातो, इथे आल्यापासून सांगायला संकोच वाटत होता’ एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. त्यानंतर रविवारी सकाळी कोठे निघालात असे कोणी विचारले तर ‘चर्चला’ असे नेहमीच्या आवाजात सांगावे. पहिल्या आठवड्यात जे कुतूहलाचे असते ते महिन्याभरात सवयीचे होते.

यानंतर जे प्रश्न येतील त्यांची तयारी मात्र हवी, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे मराठी ख्रिस्ती विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात. त्यांना बायबलमधील वचने पाठ असतात. आपल्याच समाजाचा इतिहास माहीत नसतो. ‘हा इंग्रजांचा धर्म ना?’ हा प्रश्न येणारच. त्यावर चिडण्याचे कारण नाही, कारण विचारणाऱ्यालाही शाळेत याविषयी काही शिकवलेले नसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले, आणि ते ओवीबद्ध मराठीत आहे; त्या वेळी पुण्यात किंवा साताऱ्यात इंग्रजांचे राज्य येण्यास दोनशे वर्षांचा अवकाश होता. वसईचे कॅथलिक ख्रिस्ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळापासून आहेत, त्यांच्या बोली आणि लग्नगीते अजून टिकून आहेत. तुमच्या जिल्ह्यात तर जे मिशनरी आले ते इंग्रज नव्हतेच. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवण्याचा प्रयत्न केला होता. पुढे १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. साम्राज्याचा आणि धर्मप्रसाराचा काही संबंधच नव्हता असे मी म्हणणार नाही, गोव्यात तर तो फार कडवट होता आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने गाणाऱ्या मंडळीला इंग्रजांची म्हणणे माहितीच्या अभावामुळेच शक्य होते. अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर उस्मानाबाद येथे २०२० मध्ये झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हे सांगावे.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा असतो: ‘तुमच्या घरच्यांना किती पैसे मिळाले?’ यावर बहुतेक विद्यार्थी एकतर रडवेले होतात किंवा ‘असे काही घडलेच नाही’ असे ठासून सांगतात. दोन्ही नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत गावकुसाबाहेरची पुष्कळ कुटुंबे मिशनकडे गेली. त्यात धान्य होते, दवाखाना होता, शाळा होती आणि जेथे सावलीचाही विटाळ होत असे तेथे कोणीतरी शेजारी बसवत होते, हेही होते. या सगळ्यांतून श्रद्धा तेवढी वेगळी काढून दाखवणे आज कोणाला शक्य नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. तुम्ही एवढेच म्हणावे की, ‘माझ्या पणजोबांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, मी स्वतः का मानते ते मात्र सांगू शकते.’ हे उत्तर खरे आहे, आणि संभाषण ज्या जागी यायला हवे त्या जागी ते आणते.

याच ओघात जातीचा प्रश्न येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता, नंतर १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती व्यक्तीला तो मिळत नाही. आपल्यातील कितीतरी घरांमधील मौनामागे हे कारण असते, आणि बाहेरून प्रार्थनागट चालवण्यास येणाऱ्या वक्त्यांना त्याची कल्पनाही नसते. तुमच्या कागदपत्रांवर काय लिहिले आहे हे मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही. परंतु त्यासंबंधी काही गुंतागुंत असेल तर ती आधी घरी बसून आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन प्रामाणिकपणे सोडवावी. सवलत एका नावावर आणि साक्ष दुसऱ्या नावावर, अशा अवस्थेत मोकळेपणाने बोलता येत नाही. बोलणाऱ्याचा आवाजच साथ देत नाही.

आता घरच्यांच्या भीतीविषयी. ती निराधार नाही आणि नवीही नाही. विद्यार्थी आणि ख्रिस्ती धर्म हा विषय महाराष्ट्रात जवळजवळ दोनशे वर्षे तापलेला आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री यांच्यामागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. तो अजाण असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून खटपट केल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. या मुलांपैकी कोणाचे चुकले हा माझा विषय नाही. पालकांच्या मनात ‘शाळेत घातलेले मूल आपल्या हातून जाईल’ ही धास्ती कोठून आली, एवढेच यावरून पाहावे.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला सर्वांत बोधक वाटते. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ ही मुख्यतः विधवा मुलींसाठीची निवासी शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्यास नेली. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक मुली सदनातून काढून नेल्या गेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की आपण कोणाला बोलावले नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही आणि आपली प्रार्थना लपवणारही नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. तरी टीकाकारांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते: ज्या विधवा मुलींचे अन्न, वस्त्र, शिक्षण आणि निवारा रमाबाईंच्या हाती होता, त्यांनी त्या दारातून आत येणे आणि बरोबरीच्या मैत्रिणीने आत येणे यांत फरक आहे.

तुमची स्थिती रमाबाईंच्यापेक्षा सोपी आहे ती एवढ्याचसाठी. तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणी बरोबरीच्या आहात. कोणाचे कोणावाचून अडलेले नाही. ‘मला हे पटत नाही’ असे त्या तुम्हाला तोंडावर म्हणू शकतात आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर चहाला येऊ शकतात. ही बरोबरी जोपर्यंत आहे तोपर्यंत श्रद्धेविषयी कितीही मोकळे बोलावे. ती जेथे नसेल तेथे तोंड बंद ठेवावे. तुम्ही प्रथम वर्षाच्या एखाद्या मुलीला गणित शिकवत असाल, तिची फी भरण्यास मदत केली असेल, ती आजारी असेल, परीक्षेत नापास होऊन किंवा घरातील मृत्यूमुळे खचली असेल, तर त्या वेळी सुवार्तेचा, म्हणजे येशूच्या संदेशाचा, विषय आपण होऊन काढू नये. जेवणाचा डबा द्यावा, दवाखान्यात बरोबर जावे, नोट्स द्याव्यात. तिने विचारले आणि तिची इच्छा दिसली तर तिच्यासाठी प्रार्थना करावी, तीही थोडक्यात आणि चारचौघांना न दाखवता. ‘प्रार्थना केली की ताप जातो, पेपर सुटतो’ अशी आश्वासने कोणालाही देऊ नयेत. ती खोटी ठरतात, आणि खरी ठरल्यासारखी वाटली तर त्याहून अधिक गोंधळ होतो.

कायद्याचेही थोडे भान असावे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्याचा प्रसार करता येतो, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क त्यातून मिळत नाही. याशिवाय बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध निरनिराळ्या राज्यांचे कायदे आहेत, ओडिशाचा तर १९६७ पासून आहे, आणि अलीकडच्या काळात अशा कायद्यांत भर पडत आहे. म्हणून ज्या राज्यात आपण शिकतो तेथील सध्याचा मजकूर एकदा वाचून घ्यावा. मैत्रिणीच्या प्रश्नाला उत्तर देणे, उपासनेला जाणे, खोलीत बायबल वाचणे यांत लपवण्यासारखे काही नाही. वसतिगृहात पत्रके वाटणे, परवानगीशिवाय सभा घेणे, भेटवस्तूंबरोबर पुस्तके देणे हे मात्र करू नये. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी यामुळे बरोबरीचे नाते बिघडते.

मैत्रीण खरोखर ‘तू येशूला का मानतेस?’ असे विचारील तेव्हा काय बोलावे? थोडे बोलावे, आणि स्वतःपुरते बोलावे. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला शास्त्रीपंडित उलटसुलट विचारतात. तो धर्मशास्त्र सांगत बसत नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढेच सांगतो. तुमच्या आयुष्यात असे जे काही असेल, रागावर मिळालेला ताबा असेल, आजीच्या मृत्यूनंतर टिकलेली आशा असेल, क्षमा मागण्याचे बळ असेल, ते सांगावे. काही नाट्यमय नसेल तर नाही म्हणून सांगावे; लहानपणापासून घरात ऐकत आले आणि मोठेपणी विचार करून स्वीकारले, हेही पूर्ण उत्तर आहे. तिच्या देवांशी तुलना करण्याचे टाळावे. ‘मग आमचे देव खोटे का?’ असे तिने विचारलेच, तर तुम्ही ख्रिस्तालाच प्रभू मानता हे गुळमुळीत न करता सांगावे आणि तिच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचे काम तुमचे नाही हेही सांगावे. ‘सगळे धर्म सारखेच’ असे म्हणून वेळ मारून नेणाऱ्यांविषयी मला फारसा आदर वाटत नाही. त्यात आपण खोटे बोलतो आणि समोरच्यालाही त्याच्या धर्माविषयी गंभीरपणे बोलू देत नाही.

रेव्हरंड टिळकांच्या बाबतीत काय घडले ते आठवावे. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका परक्या गृहस्थाने त्यांच्याशी आदराने संभाषण केले, बायबलमधील नव्या कराराचे पुस्तक दिले आणि वाचण्यास सांगितले. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाने गाडीत वाद जिंकल्याचे कोणी लिहिलेले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर ख्रिस्ती होण्यास त्यानंतर पाच वर्षे लागली, आणि ती वर्षे त्यांच्या स्वतःच्या विचारांची होती.

गणेशोत्सवाबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. वसतिगृहातील गणपतीच्या वर्गणीपासून, सजावटीपासून, रात्रीच्या जागरणापासून अंग काढून घेऊ नये. ती मैत्री आहे. आरती म्हणावी की नाही, प्रसाद घ्यावा की नाही, याविषयी ख्रिस्ती लोकांतच एकवाक्यता नाही. करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी जे लिहिले त्यात विवेकबुद्धीला पुष्कळ जागा ठेवलेली आहे. मी आरतीच्या वेळी शांत उभा राहतो, म्हणत नाही, आणि प्रसाद नम्रपणे नको म्हणतो. माझ्या ओळखीतील चांगले विश्वासी लोक तो घेतातही. तुम्ही जे ठरवाल ते आधी ठरवा आणि दर वर्षी तेच करा, कारण एकदा घेऊन पुढच्या वेळी नाकारले की मैत्रिणीला तो अपमान वाटतो. नाकारताना दानीएलाची पद्धत उपयोगी आहे. बाबेलच्या राजवाड्यात शिकणाऱ्या त्या चार तरुणांना राजाचे अन्न नको होते. त्यांनी आरडाओरड केली नाही, अधिकाऱ्याला अडचणीत टाकले नाही, दहा दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा अशी विनंती केली. विद्यार्थ्यांनी श्रद्धा कशी पाळावी याचा इतका व्यवहारी नमुना बायबलमध्ये दुसरा नाही.

नाताळाला मैत्रिणींना घरी किंवा चर्चमध्ये जरूर बोलवावे, परंतु तेथे काय होईल ते आधी सांगावे: किती वेळ लागेल, उभे केव्हा राहतात, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी त्यांनी जागेवर बसून राहिले तरी कोणी काही म्हणणार नाही. पाळकांनाही आधी सांगून ठेवावे, म्हणजे उत्साहाच्या भरात कोणी नव्या पाहुण्यांना पुढे बोलावून त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करणार नाही.

थट्टा होईल. ‘हालेलुया’ म्हणून हाका मारणारे प्रत्येक वर्गात एखाद-दुसरे असतात. त्यांच्याबरोबर हसता आले तर हसावे. परंतु चिडवणे छळापर्यंत गेले, खोलीत सामान फेकले जाऊ लागले, धमक्या येऊ लागल्या, तर ते सहन करणे ही साक्ष नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी २००९ च्या नियमांत २०१६ पासून धर्मावरून केलेल्या शारीरिक आणि मानसिक छळाचाही स्पष्ट समावेश आहे. तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवून वसतिगृहप्रमुखांकडे आणि महाविद्यालयाच्या समितीकडे लेखी तक्रार करावी.

तुमच्या प्रार्थनागटाविषयी अखेर स्पष्ट लिहितो. देशात विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती संघटना जुन्या आहेत. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून, कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) १९२४ पासून आणि यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) १९५४ पासून. प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे, आणि कोठेतरी बांधलेले असणे एकट्या विद्यार्थ्याच्या हिताचे असते. परंतु जो गट दर आठवड्याला ‘किती जणांशी बोललात’ याचा हिशोब मागतो, त्याला तुमच्या मैत्रिणी माणसे म्हणून दिसेनाशा झाल्या आहेत असे समजावे. त्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांना हे आदराने सांगावे; ऐकले नाही तर दुसरा गट पाहावा.

आईवडिलांना मात्र अंधारात ठेवू नये. सुट्टीत घरी गेल्यावर सांगावे की मी ख्रिस्ती असल्याचे खोलीतील मैत्रिणीला सांगितले आहे, यापुढे विचारणाऱ्याला सांगणार आहे, आणि पत्रके, सभा, समाजमाध्यमांवरील वाद यांत पडणार नाही. त्यांची काळजी एका दिवसात जाणार नाही. शक्य झाल्यास त्या मैत्रिणीला एखाद्या शनिवार-रविवारी गावी घेऊन जावे, म्हणजे ज्यांच्यामध्ये त्यांची मुलगी राहते त्यांच्यापैकी एक तरी त्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.